पाचवी, बारसे आणि बेचाळिसावा दिवस

एखादी विवंचना माणसाची पाठ सोडत नसेल, तर ती त्याच्या 'पाचवीलाच पुजलेली' आहे, असे मराठीत म्हणतात. कुणाच्या पाचवीला दारिद्र्य पुजलेले असते, कुणाच्या पाचवीला वणवण. हा वाक्प्रचार आजही रोजच्या बोलण्यात आहे. ज्या रात्रीवरून तो आला, ती रात्र मात्र अनेक घरांतून नाहीशी झाली आहे.

पाचवी म्हणजे बाळाच्या जन्मानंतरची पाचवी रात्र. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून त्याची पूजा होई. जवळ विळा किंवा कोयता ठेवत, दिवा रात्रभर तेवत ठेवत, आणि घरातल्या बायका आळीपाळीने जागत. त्यानंतरची सहावी रात्र सटीची, म्हणजे सटवाईची. कोरा कागद, दौत आणि लेखणी पूजेत मांडायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, अशी श्रद्धा. काही घरांत पाचवी आणि सटी एकाच रात्री उरकत.

सटवी हे संस्कृतातल्या षष्ठीचेच मराठी रूप. ही देवी काही एकट्या मराठी मुलखाची नाही. उत्तरेत तिची छठी होते, आणि 'छठी का दूध' हिंदी बोलणाऱ्याला भांडणातही आठवते. बंगालीत ती मा षष्ठी, आणि तिथे सहाव्या रात्री येऊन लिहिणारा तो विधातापुरुष. गुजरातेत छठ्ठीच्या रात्री विधाता येते, आणि तिच्यासाठीही कागद-लेखणी मांडलेली असते. एवढ्या भाषांनी जागून काढलेल्या या रात्रीत असे काय होते?

त्या रात्री भीती होती, आणि तिला कारण होते. घरी होणाऱ्या बाळंतपणात नाळ कापायला हाताशी असेल ते हत्यार घेत: विळा, सुरी, काही ठिकाणी बांबूची धारदार कामटी. कापलेल्या जागेवर राख किंवा शेण लावायची चालही पुष्कळ ठिकाणी होती. त्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत. पहिले दोन-तीन दिवस बाळ छान दूध पीत असे. मग एकाएकी त्याला ओढता येईनासे होई, जबडा आवळला जाई, अंग ताठ होई. नवजात बाळाचा धनुर्वात साधारण तिसऱ्या आणि चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो. जुन्या वैद्यकग्रंथांत त्याला 'सातव्या दिवसाचा आजार' असेही म्हटलेले आढळते. सटवाईची रात्र नेमकी त्या दिवसांच्या ऐन मध्यावर येते. बायकांना जंतू माहीत नव्हते, पण कोणत्या दिवसांत मुले जातात हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. जागरण नेमके तेव्हाच ठेवले गेले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

लहान मुलाच्या पहिल्या वर्षाचे आपले जुने दिनमान या नजरेने पाहिले, की ते वेगळे दिसू लागते. पाचवी, सटी, बारावा दिवस, सव्वा महिना, उष्टावण, जावळ, संक्रांतीचे बोरन्हाण: आज यांचे फोटो निघतात, हलव्याचे दागिने घातलेली मुले हसतात. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर पाच मुलांतले साधारण एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे. अशा घरात प्रत्येक टप्पा म्हणजे 'इथवर आलो' अशी नोंद होती. मूल किती हुशार आहे, हे त्या नोंदीत कुठेच नव्हते. ते आहे, एवढेच होते.

मराठी कुटुंबांत मुलाचे नाव बाराव्या दिवशी ठेवतात, म्हणून ते बारसे. धनुर्वाताचे बरेचसे दिवस तोवर उलटलेले असतात. नाव ठेवतानाही सावधपणा असे. आधीची मुले दगावलेली असतील, तर नव्या मुलाचे नाव मुद्दाम कुणाला हेवा वाटू नये असे ठेवत: दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा. दगडाला मृत्यू काय करणार, उकिरड्यावरचा केर कोण उचलून नेणार, असा हिशेब. इथेही आपल्या भाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. बंगालीतल्या तिनकडी आणि पाचकडी यांना आईबापांनी तीन आणि पाच कवड्यांना 'विकून' नियतीच्या नजरेतून उतरवले. तेलुगूतला पेंटय्या उकिरड्याचा, तमिळमधला कुप्पुसामी केराचा. शाळेच्या हजेरीपटावर या नावांना पुढे मुले हसली असतील. पण ज्या आईने ते नाव पाळण्यात कुजबुजले, तिच्या मनात त्या वेळी काय असेल, ते नावच सांगते.

यातून वाचलेल्या मुलाला पुढे गाठायच्या त्या देवी. मराठीत हा रोग आणि ती देवता यांचे नाव एकच. 'देवी झाल्या' म्हणण्याआधी पुष्कळ काळ 'देवी आल्या' असेच म्हणत, तेही आदरार्थी बहुवचनात. देवी आल्या की घरात फोडणी बंद, मोठ्याने बोलणे बंद. मुलाच्या अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरत. तळहातावरच्या फोडासारखे मूल जपावे, असे म्हणणाऱ्या भाषेने मुलांच्या अंगावरचे फोड खूपच पाहिले होते. वाचलेली मुले वणांचा चेहरा घेऊन मोठी होत. काहींचे डोळे जात.

या रोगाविरुद्धची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा लागू पडली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, आणि ती टोचून घेणारी होती तीन वर्षांची एक मुलगी. तिचे नाव ॲना डस्टहॉल. लस बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने समुद्रमार्गे आली होती. त्या काळी लस साठवून ठेवायची सोय नव्हती. ती जिवंत ठेवायची तर एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव ठरावीक दिवसांनी दुसऱ्या मुलाच्या दंडात टोचावा लागे, त्याच्यापासून तिसऱ्या. ॲनाच्या दंडावरून मुंबईतल्या आणखी काही मुलांना लस मिळाली, आणि या मुलांच्या साखळीतून ती मद्रासपर्यंत आणि सिलोनपर्यंत गेली. डॉक्टरांनी आपल्या टिपणात ॲनाच्या शांत स्वभावाची नोंद केली आहे. वैद्यकाच्या इतिहासात एवढ्या लहान मुलाचा स्वभाव क्वचितच नोंदला जातो.

लोकांनी या नव्या उपचाराला शब्द दिला 'देवी काढणे'. जी देवी अंगात येते, ती सुईच्या टोकाने आधीच काढून घ्यायची. हा शब्द कुणा सरकारी भाषांतरकाराच्या डोक्यातून आलेला दिसत नाही. रोगाचे आणि उपचाराचे दोन्ही अर्थ त्यात मुक्कामाला राहिले. १८८० च्या कायद्याने ठरावीक नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत मुलांना लस टोचणे सक्तीचे करायची तरतूद झाली. पण सक्ती आणि विश्वास यांच्यात बरेच अंतर होते. देवी काढणारा गावात आला की आया मुलांना घेऊन रानात लपत, अशा आठवणी महाराष्ट्रात घरोघर आहेत. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मुलाच्या दंडावर जखम करणारा परका माणूस त्या दिवशी काही सांगत-समजावत नव्हता, एवढेही त्यासोबत लक्षात ठेवले पाहिजे.

आतापर्यंत ज्या दिनमानाबद्दल लिहिले, ते सगळ्या मुलांना लागू नव्हते. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाह नव्हता. तिला दिवस गेले तर तिच्या मुलाला पाचवी नव्हती की बारसे नव्हते. ते मूल जन्मताच नाहीसे करणे किंवा विहीर जवळ करणे, एवढेच दोन मार्ग समाजाने तिच्यापुढे ठेवले होते. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. अशा स्त्रियांनी इथे येऊन गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा इथेच ठेवावे, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. हे काम फक्त आसरा देण्यावर संपत नव्हते. आलेल्या बाळाला कुणीतरी दूध पाजायचे, लंगोट बदलायचे, रात्री मांडीवर घेऊन बसायचे. आणि स्वतःला मूल नसलेल्या सावित्रीबाईंनी ते केले. १८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात असाच आश्रम काढला. त्यामागे लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांचा पुढाकार होता. कुणाचे मूल मोजायचे, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला.

त्याच दशकाच्या अखेरीस एका मराठी मुलीने आपले मूल गमावले. कल्याणला १८६५ साली जन्मलेली यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदी जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बारसे बाराव्या दिवशी असते. म्हणजे नाव ठेवायचा दिवस उजाडण्याआधीच ते मूल गेले. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर ते वाचले असते, ही खंत तिच्या मनात रुतून बसली. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालातल्या सेरामपूर इथे जाहीर भाषणात तिने हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितले, आणि त्याच वर्षी ती कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती पदवीधर झाली. प्रबंधाचा विषय तिने निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. आनंदीबाईंचे चरित्र बहुधा 'पहिली स्त्री डॉक्टर' या पदवीपासून सांगितले जाते. त्याचा आरंभ मात्र पाचवी पार केलेल्या आणि बारसे न पाहिलेल्या एका बाळापाशी आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात क्षयाने गेल्या. एकाही बाळंतिणीची सुटका डॉक्टर म्हणून आपल्या देशात करायची संधी त्यांना मिळाली नाही.

इथपर्यंतच्या सगळ्या धडपडीत मुलाबद्दलचा प्रश्न एकच होता: ते जगेल का? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न येऊन बसला. ते मूल स्वतः काय करते आहे?

हा प्रश्न मराठीत आला तो गुजरातीतून. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःचा मुलगा शाळेच्या वयाचा होऊ लागला तेव्हा त्यांनी माँटेसरीबाईंचे लेखन वाचले आणि वकिली सोडली. १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. मुलांना मारणे तर सोडाच, त्यांच्यावर ओरडणेही ज्या शाळेत नाही, अशी ती शाळा. भरघोस मिशांच्या या माणसाला लोक 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. १९२३ साली तिथे मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक आल्या. पतीपासून विभक्त झालेल्या, पदरी लहान मुलगी. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या भावनगरच्या या लहानशा प्रयोगात शिरल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि गिजुभाईंची 'शिक्षणपत्रिका' ताराबाईंनी मराठीतही चालवली.

भावनगरात मुलांकडे पाहायची रीत वेगळी होती. अडीच-तीन वर्षांचे मूल एका भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतते, सांडते, पुन्हा ओतते. घरी आई म्हणेल, उपद्व्याप चाललेत. बालमंदिरात शिक्षक शेजारी गप्प बसून पाहत आणि लिहून ठेवत. बटण काजात घालायला मुलाला किती वेळ लागला, ते कंटाळले की चिडले, आणि जमल्यावर कुणाकडे पाहून हसले. मोठ्यांच्या हिशेबात ज्याला टप्पा म्हणत नाहीत, असे शंभर टप्पे त्यांना तीन वर्षांच्या मुलाच्या एका सकाळी सापडत. उष्टावण आईबाप करतात. स्वतःच्या हाताने पहिला घास तोंडापर्यंत नेणे हे मुलाचे स्वतःचे काम आहे, त्याला कुठलाही विधी नव्हता.

तरी एक अडचण उरली होती, आणि ती ताराबाईंच्या लवकर लक्षात आली. हे सगळे शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी घरांच्या मुलांसाठी होते. माँटेसरीची साधने महाग, आणि जागा हवी ती प्रशस्त. १९४५ साली त्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तिथल्या कामात त्यांना साथ मिळाली ती अनुताई वाघ यांची. मोरगावला १९१० साली जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि सहा महिन्यांच्या आत विधवा झालेल्या अनुताई शिकून शिक्षिका झाल्या होत्या. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे दोघींनी एकत्र काम केले.

बोर्डीत बालवाडी काढली, तर कष्टकरी वस्त्यांतली मुले येईनात. मग बालवाडीच मुलांकडे गेली. वस्तीतल्या कुणाच्या तरी अंगणात चटया पसरायच्या आणि तिथेच सुरू करायचे: त्याचे नाव अंगणवाडी. पहिला धडा आंघोळीचा. नखे कापायची, केस विंचरायचे, नाक पुसायचे. मोजायला चिंचोके आणि शंख-शिंपले, रंग ओळखायला पाने आणि फुले, ओतायला नारळाच्या करवंट्या. परदेशी साधनांतले तत्त्व ठेवले आणि वस्तू गावातल्या घेतल्या.

१९५७ साली काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. इथे अडचण आणखी वेगळी निघाली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई मजुरीला गेलेली. भावंडाला सोडून ये म्हणणे म्हणजे शाळेत येऊच नको म्हणणे. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. त्याला नाव दिले विकासवाडी. जी मुले गुरांमागे जात, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले; ती कुरणशाळा. मुले वाढवण्याच्या इतिहासात आपण आई लिहितो, आजी लिहितो, कधी बापही लिहितो. गरीब घरांत लहान मुले प्रत्यक्षात वाढवली ती त्यांच्या आठ वर्षांच्या बहिणींनी, आणि त्या बहिणींकडेही मूल म्हणून पाहिले गेले ते या टेकडीवर.

ताराबाई ऑगस्ट १९७३ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. पूरक आहार, वजन, लसीकरण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण, हे सारे एका खोलीत. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. हिंदीत तो शब्द आँगनवाडी झाला, मल्याळममध्ये अङ्कणवाडी; कन्नड आणि तेलुगूनेही तो तसाच घेतला. एवढ्या भाषांतल्या एवढ्या आयांनी रोज उच्चारलेले असे शब्द थोडेच असतील. त्याच १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. दंडावर गोल वण असलेली पिढी आता पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहे. तिच्या मुलांच्या दंडावर देवीचा वण नाही.

पण पहिला प्रश्न संपला नव्हता. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. त्याच्याही आधी, १९८६ पासून, अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दाम्पत्य गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेतर्फे काम करत होते. १९८८ साली त्यांनी आपल्या भागात मोजणी केली, तेव्हा जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२१ मुले वर्षाच्या आत मरत होती. न्यूमोनिया हे एक मोठे कारण. तो ओळखायचा तर बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो ते मोजले पाहिजे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या सुइणींना साठपर्यंत आकडे येत नव्हते. मग एक साधन तयार झाले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, की बाळाला औषध द्यायचे. जी बाई आयुष्यभर मुले जन्माला आणत होती, तिला आता त्यांचा श्वास मोजताही येऊ लागला.

पुढचे पाऊल होते नवजात बाळाची घरीच काळजी. १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केले. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळ पुसून उबदार गुंडाळत, झोळीच्या काट्याने वजन करत, ताप मोजत, आणि पहिल्या महिनाभरात पुन्हापुन्हा घरी जात. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ पासून हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा येते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही.

हे दिवस जरा जुन्या दिनमानाशेजारी ठेवून पाहा. पाचवी आणि सटी यांच्या एका बाजूला तिसरा दिवस, दुसऱ्या बाजूला सातवा. बारशाच्या मागोमाग चौदावा. बाळंतिणीचा सव्वा महिना संपतो, तिथे बेचाळिसावा. नव्या दिवसांमागे मोजणी आणि संशोधन आहे; जुन्यांमागे बायकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे पाहणे होते. पण कोणत्या दिवसांत मुलाजवळ कुणीतरी असले पाहिजे, याबद्दल दोघांचे एकमत दिसते. फरक पडला तो येणारीच्या हातात काय आहे यात. सटवाईला विळा आणि दिवा दाखवत. आशाच्या पिशवीत थर्मामीटर आणि काटा असतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९७१ साली देशात दर हजार जन्मांमागे १२९ मुले वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा २८ झाला, महाराष्ट्रात १६. २०१५ साली माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. ज्या आजारामुळे पाचवीची रात्र एवढी लांब होती, तो आजार आता बहुतेक तरुण डॉक्टरांनी फक्त पुस्तकात पाहिला आहे. सोळा आणि अठ्ठावीस हेही लहान आकडे नाहीत. त्यातले प्रत्येक मूल कुणाच्या तरी घरचे आहे, आणि राज्याच्या सरासरीत गडचिरोली-मेळघाटातल्या दुर्गम पाड्यांचा आकडा झाकला जातो.

भीती ओसरली, तेव्हा कुठे आनंदाला जागा झाली. मराठीत तो आनंद मोजायला शब्दांची वाण कधीच नव्हती. मूल हुंकार देते, कुशीवर वळते, पालथे पडते, पोटावर सरपटते, रांगते, धरून उभे राहते, पांगुळगाडा ढकलते, दुडदुडते. दंतुल्या येतात, बोबडे बोल फुटतात. यातला एकही शब्द पंचांगात नाही. पालथे पडायला मुहूर्त लागत नाही. हे टप्पे मुलाचे स्वतःचे आहेत, आणि ताराबाई-गिजुभाईंनी लिहून ठेवायला शिकवले ते हेच.

शहरात मात्र आता याच टप्प्यांची भीती वाटू लागली आहे. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले, आपले अकराव्यात अजून रांगते. मोबाइलवर दर आठवड्याला सूचना येते: या वयात मुलाला अमुक आले पाहिजे. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' या म्हणीचा अर्थ पाळण्यातच निकाल लावून टाका असा घेतला जातो. निरोगी मूल साधारण नवव्या ते अठराव्या महिन्यादरम्यान केव्हाही चालू लागते. खरोखर उशीर होत असेल तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पण एका महिन्याच्या फरकासाठी रात्रीची झोप घालवणाऱ्या आईबापांनी आपल्या पणजीच्या जागरणाची आठवण ठेवायला हरकत नाही. ती ज्यासाठी जागली, ते त्यांच्या पदरात आधीच पडले आहे.

आणि ज्या घरांत ते अजून पदरात पडायचे आहे, तिथे बेचाळिसाव्या दिवशी आशा जाते. ओट्यावर बसून ती झोळीत बाळ ठेवते, काटा उंच धरते. बाळ हातपाय झाडते, काटा हलतो, ती तो स्थिर व्हायची वाट पाहते. मग कागदावर आकडा लिहिते आणि आईला वाचून दाखवते. सटीच्या रात्री कोरा कागद मांडून, त्यावर काय लिहिले गेले हे कळायची सोय नसलेल्या बायकांची ती नात किंवा पणती आहे.